रुग्ण ठणठणीत, पालक चिंताजनक

पाळीव प्राण्यांच्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेची शास्त्रशुद्ध व्याख्या करायची झाल्यास, धडधाकट कुत्र्याला किंवा मांजराला त्याच्या मनाविरुद्ध दवाखान्यात नेणे, तो धडधाकट असल्याची तज्ज्ञाकडून खात्री करून घेणे, त्या खात्रीचे पैसे मोजणे आणि आधीपेक्षा रागावलेल्या अवस्थेत त्याला घरी परत आणणे, अशी ती करावी लागेल. लसीकरण, जंतांचे औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, दातांची निगा, वजनावर नजर, निर्बीजीकरण आणि वार्षिक तपासणी या गोष्टी या सेवेत मोडतात. मराठी मध्यमवर्गाला ही कल्पना पचायला जड जाते, याचे कारण उघड आहे. ज्या घरात माणूस स्वतः तापाने फणफणेपर्यंत ‘जरा कसकस वाटतेय’ एवढ्या निदानावर आणि आल्याच्या चहावर भागवून नेतो, त्या घरात शेपूट हलवत पोळी पळवणाऱ्या प्राण्याला डॉक्टरकडे नेण्याचे प्रयोजन सहजासहजी पटत नाही. तरीही पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत औषधांच्या दुकानांच्या रांगेत ‘पेट क्लिनिक’ची पाटी आता सर्रास दिसते, आणि तेथील व्यवहार थोडा वेळ जरी न्याहाळला तरी एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की ज्याचा प्रतिबंध करायचा तो विषाणू नियमाने वागतो, रुग्णही बहुतेक वेळा नियमाने वागतो, नियमाबाहेर वागतो तो रुग्णाचा पट्टा धरून बसलेला पालक.

या शास्त्राला आपल्याकडे परंपरा नाही, असे मात्र कोणी समजू नये. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव घेतले जाते, हत्तींच्या वैद्यकासाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे, आणि विराटाच्या घरी अज्ञातवास काढताना नकुलाने घोड्यांची तर सहदेवाने गाईंची जबाबदारी घेतली होती, म्हणजे पाच पांडवांपैकी दोघे पशुसंवर्धन खात्यातच नोकरीला होते. कुत्र्याचा प्रश्न महाभारतात अगदी शेवटी, स्वर्गाच्या दारात उपस्थित होतो, आणि तेथे इंद्राने लसीकरणाचे प्रमाणपत्र वगैरे काही न मागता सरळ प्रवेशबंदी जाहीर केली, ही गोष्ट कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीला आपली वाटेल अशी आहे. अलीकडच्या इतिहासात पाहिले तर मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, आणि दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. १८७४ साली मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्थाही स्थापन झाली, हा योगायोग घोड्यांच्या दृष्टीने वेळेवर घडला म्हणायचा. पुढे परळला दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने, म्हणजे बाई साकरबाई यांच्या नावाने, प्राण्यांचे रुग्णालय उभारले आणि १८८६ मध्ये शेजारीच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पण गिरणगावाने एवढे लांबलचक नाव घेण्याची तसदी न घेता त्या जागेचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ असे नामकरण करून टाकले. त्या नावात कुत्र्याला जागा नव्हती, आणि मांजराचा तर कोणी विचारही केला नव्हता, हे मांजर अजून विसरलेले दिसत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात ‘गुरांचा डॉक्टर’ ही व्यक्ती पूर्वीपासून ओळखीची आहे. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत ही रोगांची नावे शेतकऱ्याला पाठ असतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर लस टोचून घ्यावी लागते हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण बैल गेला तर पेरणी गेली हा हिशेब त्याला बोटांवर करता येतो. बुळकांडी हा रोग २०११ साली जगातून पूर्णपणे नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, देवीनंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग, आणि त्या यशात कासरा धरून मुकाट्याने उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा वाटा मोठा आहे. अडचण सुरू झाली ती जनावर गोठ्यातून सोफ्यावर आले तेव्हा. गोठ्यातला संबंध पोटापाण्याचा होता आणि म्हणून त्यात विवेक होता. सोफ्यावरचा संबंध निव्वळ मायेचा आहे.

या मायेचे पहिले दर्शन दवाखान्याच्या प्रतीक्षालयात घडते. येथे रुग्णाची फाइल त्याच्या स्वतःच्या नावाने असते आणि त्यापुढे घराण्याचे आडनाव लावलेले असते, त्यामुळे स्वागतकक्षातील मुलगी ‘ब्रूनो कुलकर्णी’ असा पुकारा करते आणि कोणत्याही होमहवनाशिवाय दत्तकविधान पार पडलेला एक जर्मन शेफर्ड आपल्या गोत्राची लाज राखत उठून उभा राहतो. पालकांची ओळख उलट दिशेने पुसली जाते. बँकेत ज्यांच्यापुढे चार माणसे फाइली घेऊन तिष्ठत असतात, असे गृहस्थ येथे ‘सिंबाचे बाबा’ असतात, आणि दूरध्वनीवर ‘डॉक्टर, मी चिकूची आई बोलतेय’ असे सांगताना रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला जराही अवघडल्यासारखे होत नाही. बाकावर बसलेल्या पालकांत लग्नमुंजीत असते तशी मोकळी विचारपूस चालते, वय, खाणेपिणे, झोप आणि मुख्य म्हणजे शी कशी होते याविषयीची माहिती अनोळखी माणसाला पहिल्या दोन मिनिटांत दिली जाते, आणि तेवढ्या वेळात ज्यांच्याविषयी ही चर्चा चालली आहे ते दोन प्राणी एकमेकांच्या शेपटीखाली हुंगून सारी आवश्यक माहिती शब्दाविना मिळवून मोकळे झालेले असतात.

लसीकरणाचे वेळापत्रक हा वादाचा पहिला विषय. पिल्लाला आईच्या चिकातून, म्हणजे विण्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून, रोगांशी लढणारी प्रतिपिंडे आयती मिळतात. ही आयती शिबंदी पिल्लाचे रक्षण करते, परंतु लसीतून आलेल्या विषाणूलाही शत्रू समजून गारद करते, आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, तीच लस पुन्हापुन्हा द्यावी लागते, जेणेकरून त्यांपैकी एखादी तरी योग्य वेळी लागू पडेल. हे सारे विवरण पशुवैद्य रोज करतो, पालक मान डोलावतो, आणि शेवटी विचारतो, ‘म्हणजे पहिली वाया गेली का?’ बोलीभाषेत ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लशीत किती रोग बसतात यावर दवाखान्यांची तुलना करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. सातापेक्षा नऊ केव्हाही बरे, हे तत्त्व साडीच्या सेलपासून लशीपर्यंत सर्वत्र लागू पडते अशी ग्राहकाची श्रद्धा असते. दुसरा ठरलेला युक्तिवाद ‘पण तो घराबाहेर जातच नाही’ हा होय. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणू पिल्लांना रक्ती हगवण लावतो, जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि माणसाच्या पादत्राणांना चिकटून घरी येतो. मराठी घरात चपला दारातच काढतात ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने प्रशंसनीय खरी, परंतु पिल्लू घरभर फिरून जी एकमेव वस्तू मनापासून चघळते ती नेमकी दारातली चपलच असते. लेप्टोस्पायरोसिसविषयी मात्र मुंबईकर वाद घालत नाही. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा आणि कुत्र्याइतकाच माणसालाही होणारा हा रोग २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याच्या चांगलाच परिचयाचा झालेला आहे.

रेबीजची गोष्ट गंभीर आहे, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि माणसांना तो होतो तो बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलावर आपली लस पहिल्यांदा वापरली. भारतात मात्र अनेक दशके कसौलीच्या डेव्हिड सेम्पल यांची, मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली लस चालू होती, आणि ती पोटात, रोज एक याप्रमाणे, चौदा वेळा टोचली जाई. ही पद्धत २००५ च्या आसपास बंद झाली, आता दंडात मोजकी इंजेक्शने पुरतात, तरीही प्रत्येक कुटुंबात असे एक काका असतातच की ज्यांना बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने घेतल्याचा पूर्वानुभव असतो आणि जे घरात कुत्रे येताच त्या अनुभवाचे आकृतीसह निरूपण करतात. परिणामी घरातील मंडळी आपल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घेतात, हे काकांचे सार्वजनिक आरोग्याला झालेले योगदान कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही. लस टोचताना कुत्रे सहसा टेबलावरच्या बिस्किटाकडे पाहत असते, आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरात दृष्टी रुतवणारा इसम हा पालक असतो.

यापुढचा भाग आहाराच्या चौकशीचा, आणि येथे वैद्यक संपून उलटतपासणी सुरू होते. ‘काय खातो?’ या प्रश्नाला ‘काहीच खात नाही हो डॉक्टर, सगळं तसंच ठेवतो’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते दिले जात असताना ज्याच्याविषयी ते दिले जात आहे तो लॅब्राडोर आपल्या ४२ किलो वजनासह फरशीवर पसरलेला असतो. वजन योग्य आहे की नाही हे ओळखण्याची रीत साधी आहे: हलक्या हाताने चाचपल्यावर फासळ्या बोटांना लागाव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसावी. शरीरयष्टीला एक ते नऊ असे गुण देण्याचा प्रघात आहे, त्यात चार किंवा पाच उत्तम समजले जातात, आणि बोर्डाच्या परीक्षांवर पोसलेल्या पालकांना आपल्या कुत्र्याला नऊपैकी नऊ मिळाल्याचे ऐकून प्रथमदर्शनी समाधानच वाटते. मग हळूहळू कबुलीजबाब बाहेर पडू लागतात. सकाळी बशीत थोडा चहा असतो, त्यासोबत ग्लुकोजची बिस्किटे ‘फक्त दोनच’ असतात, परंतु ती घरातील प्रत्येक माणसाकडून स्वतंत्रपणे दोनच असतात आणि घरात माणसे पाच असतात. दुपारी दही-भात, चार वाजता मुलीच्या डब्यात उरलेली पोळी, रात्री सर्वांच्या ताटांतला शेवटचा घास. अखेरीस सर्वांच्या नजरा एका बाजूला वळतात, आणि तेथे बसलेले आजोबा छताच्या पंख्याकडे पाहू लागतात.

विज्ञानाने या प्रकरणात कुत्र्याची बाजू घेतली आहे, हे नमूद केले पाहिजे. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की लॅब्राडोर जातीच्या जवळपास एकचतुर्थांश कुत्र्यांत भुकेचे नियमन करणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गहाळ असतो, त्यामुळे पोट भरल्याची वर्दी त्यांच्या मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि म्हणून जेवण झाल्यावर पाच मिनिटांनी अनेक दिवसांचा उपाशी चेहरा करून उभा राहणारा लॅब्राडोर ढोंगी नसून प्रामाणिक असण्याची शक्यता आहे. दही-भाताची टिंगल करणाऱ्यांनीही जपून बोलावे, कारण लांडग्यांच्या तुलनेत कुत्र्यांत पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक आढळतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर राहिल्याचा हा परिणाम असावा. सदाशिव पेठेतील कुत्र्याने भात खावा यात जनुकीय दृष्ट्या गैर काही नाही, केवळ भातच खावा यात आहे. कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात म्हणून पूर्ण वर्ज्य, हे सांगितल्यावर घरातील तरुण मंडळी चक्रावून जातात, परंतु वर्षानुवर्षे चातुर्मास पाळणारी आजी ही एकच व्यक्ती हा नियम शंका न घेता स्वीकारते आणि आपल्यापेक्षा वर्षभर कडक पाळणारा कोणी घरात आला याचे तिला कौतुक वाटते. तिची पंचाईत होते ती बेदाण्यांपाशी. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि प्रसाद कोणालाही नाकारायचा नसतो, या तीन विधानांची संगती लावण्याचे काम पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. मांजराच्या बाबतीत तर परंपरेने उघडच दिशाभूल केली आहे. मांजर हे निखालस मांसाहारी जनावर आहे, टॉरिन नावाचे जे द्रव्य मांसातून मिळते ते न मिळाल्यास त्याची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात, आणि प्रौढ मांजराला दुधातील साखर बहुधा पचत नाही. म्हणजे डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराविषयीची आपली म्हण अर्ध्यावरच थांबलेली असून त्यानंतर काय होते ते तिने सांगितलेले नाही.

घरगुती निदानपद्धतींवर स्वतंत्र ग्रंथ होऊ शकेल. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या प्रत्येक आजीला ते कायम तापलेले लागते, आणि नाक ओले तर तब्येत ठीक, कोरडे तर काहीतरी बिनसले, हा सिद्धान्त दुपारी उन्हात झोपलेले कोणतेही कुत्रे खोटा पाडू शकते. यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी एका ठिकाणी हसू आवरावे लागते: माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची पुरेशी सोय त्याच्या यकृतात नसते, आणि कुत्र्याच्या गोचिडांवर मानेला लावायच्या काही औषधांतील परमेथ्रिन हे द्रव्यही मांजराला तितकेच बाधते. गोचीड उपटून रॉकेलच्या वाटीत टाकण्याचा रविवारचा कौटुंबिक कार्यक्रम करमणूक म्हणून ठीक, परंतु एक मादी हजारो अंडी घालत असल्यामुळे आणि ती फरशीच्या फटीत असल्यामुळे वाटीतील मोजदादीवरून विजय जाहीर करणे घाईचे ठरते.

निर्बीजीकरणाचा विषय निघताच खोलीतील हवा बदलते. तोपर्यंत बडबडे असलेले गृहस्थ अचानक अबोल होतात, खुर्चीत सावरून बसतात, एक पाय दुसऱ्यावर घेतात, आणि ‘निसर्गाच्या विरुद्ध नाही का हे?’ असा तात्त्विक प्रश्न करतात. हा प्रश्न चौथ्या मजल्यावरील वातानुकूलित खोलीत गादीवर झोपणाऱ्या हस्कीच्या संदर्भात विचारलेला असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मादीच्या बाबतीत घरातील स्त्रिया ‘एकदा तरी आई होऊ द्यावी’ असा आग्रह धरतात. त्यामुळे तिच्या आरोग्याला काही लाभ होतो असे वैद्यकाला आढळलेले नाही. उलट निर्बीजीकरण न केलेल्या मादीला उतारवयात पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू साठण्याचा जीवघेणा विकार, होण्याचा धोका राहतो. आई होऊ दिल्यावर आठ पिल्ले होतात, आणि ज्यांनी आग्रह धरला होता त्याच मंडळींचे ‘चांगल्या घरी देणे आहे’ असे संदेश नातेवाइकांच्या सर्व गटांवर फिरू लागतात.

दातांविषयी थोडक्यात सांगायचे तर कुत्र्याचे दात रोज घासावेत अशी शिफारस आहे, त्यासाठी कोंबडीच्या स्वादाची पेस्टही मिळते, आणि शिफारस करणारा व ऐकणारा या दोघांनाही तसे होणार नाही याची पूर्ण कल्पना असते.

मांजराची वार्षिक तपासणी मात्र तपशिलाने पाहण्यासारखी आहे. मांजर दुखणे लपवते, कारण ज्या जनावराला स्वतः शिकार करायची असते आणि शिकार व्हायचे नसते त्याला कण्हणे परवडत नाही, आणि म्हणूनच त्याची तपासणी ते बरे दिसत असतानाच करायची असते. वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथणारा बोका नखरे करत नसून त्याची मूत्रनलिका तुंबलेली असू शकते आणि तसे असल्यास तासांचा प्रश्न असतो. नेण्याची टोपली आठ दिवस आधीच घरात उघडी मांडून ठेवावी, आत त्याचे नेहमीचे फडके अंथरावे, म्हणजे त्याला ती आपली वाटू लागते, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात टोपली माळ्यावरून निघते ती जाण्याच्या पाच मिनिटे आधी, आणि माळ्याच्या दाराचा आवाज होताच मांजर कपाटामागच्या अशा फटीत जाते की जिची रुंदी मोजली असता त्यात मांजर मावणे अशक्य ठरते. यानंतर झाडू, बॅटरी, सुक्या बोंबलाचे आमिष आणि शेजारचा उंच मुलगा यांच्या साहाय्याने मोहीम पार पडते व दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरातील दोन व्यक्तींना लसीची गरज निर्माण झालेली असते.

दवाखान्यातील मोठ्या काट्यावर मांजर एकटे उभे राहत नाही, म्हणून पशुवैद्य एक जुनी युक्ती वापरतो: पालकाने मांजराला कवेत घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग मांजर दुसऱ्याकडे देऊन एकट्याने उभे राहायचे, आणि पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा. स्वतःची तपासणी वर्षानुवर्षे टाळत आलेल्या गृहस्थांचे वजन अशा रीतीने, भरल्या प्रतीक्षालयाच्या देखत, सहायकाकडून खणखणीत आवाजात उच्चारले जाते आणि मांजराच्या फाइलीत कच्च्या आकडेमोडीच्या स्वरूपात कायमचे नोंदले जाते. ८९.४ हा आकडा ऐकताच काटा बिघडलेला असल्याचे गृहस्थ ठामपणे सांगतात. काटा खरोखरच चार किलो जादा दाखवत असला तरी ती चूक दोन्ही वेळा सारखीच होऊन वजाबाकीत निघून जाते आणि मांजराचे ४.२ किलो वजन तंतोतंत बरोबर येते, हे पशुवैद्याला ठाऊक असते. परंतु फी अजून घ्यायची असल्यामुळे तो काटा दुरुस्तीला टाकायलाच हवा असे म्हणतो आणि जंतांच्या औषधाचा डोस लिहायला घेतो.